चौथी पिन

लॉग कोरा आहे.
चूक असती तर बरं झालं असतं,
उणे एकाहत्तर, उणे एकशेदहा, काहीही.
कुणीतरी दार वाजवलं होतं एवढं तरी म्हणता आलं असतं.
इथं कॅमेरा लावला काय, काढला काय,
बोर्डाच्या लेखी आज काही घडलेलंच नाही.

फॅरो बेटांच्या एका अरुंद फ्योर्डमध्ये
नांगरून ठेवलेला खाद्याचा तराफा.
खाली आठ जाळी, जाळ्यांत सामन,
आणि बारा मीटरवर लोंबकळणारा मुका कॅमेरा.
त्यात बघून होग्नी चारा टाकतो.
परवापासून तो टाकतोय
आंधळ्यानं पंगतीत वाढावं तसा.

मी सकाळच्या बोटीनं आले.
पहिल्यांदा केबल.
ही चांगली आहे, होग्नी म्हणाला,
मी हिच्यावर रोज फोन चार्ज करतो.
मी काही न बोलता ती बाजूला ठेवली.
दुसरी केबल. तिसरी. दुसरा कॅमेरा.
कर्नल मागच्या आवृत्तीवर नेला.
हबला वेगळी वीज दिली,
तेव्हा कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला
आणि होग्नीनं टाळी वाजवली.
यादी मागितली. यादीत कुणी नाही.
दिवा लागला म्हणून ओळख पटते थोडीच.

दुपारी वाळवलेल्या मटणाचे काप,
सुरीला त्याचा आठवडाभर न जाणारा वास.
खाता खाता सहज मीटर टेकवला
बोर्डाच्या तोंडाशी.
पाच हवेत तिथं शून्य.
साडेचार नाही, थरथरणारे दोन नाहीत.
मरायला टेकलेलं पोर्ट असं स्वच्छ शून्य दाखवत नाही.
हे न देणं
ठरवून होतं.

मग होग्नीला सांगावं लागलं:
या बारक्या सॉकेटला दोन्ही होता येतं,
यजमान किंवा पाहुणा.
चौथी पिन जमिनीला टेकलेली असली
की बोर्डाला कळतं, घर आपलं आहे,
वीज आपण द्यायची, नाव-गाव आपण विचारायचं.
सुटली, की तो स्वतःला पाहुणा समजतो
आणि बसून राहतो.

भिंगाखाली पाहिलं.
समुद्राचं मीठ आत शिरून
पिनेच्या मुळाशी हिरवं पडलं होतं,
मोहरीच्या टरफलाएवढं.

म्हणजे दोघंही पाहुणे?
दोघंही. आणि दोघांनाही वाटतंय,
पाणी समोरचा विचारेल.

यावर तो हसेल असं मला वाटलं होतं.
तो खिडकीतून बघत राहिला
पलीकडच्या किनाऱ्याकडे,
तिथं गवताच्या छपराचं एक घर, धुराडं चालू.
चौदा वर्षं, म्हणाला.
कसली ते मी विचारलं नाही.
वारा वाढत होता आणि इस्त्री तापली होती,
माझी, डागायची.

तारेचा एक केस हवा होता.
बॅगेत नव्हता.
होग्नीनं तीच केबल उचलली, फोनची,
दातांनीच सोलली,
आणि तांब्याचा एक धागा माझ्या चिमट्यात दिला.
राळेचा धूर, श्वास रोखून दोन सेकंद,
तराफा हलला म्हणून पुन्हा दोन सेकंद.
वरून नेलपॉलिशचा थर. जांभळा होता, चालतो.

बोर्ड पुन्हा सुरू केला.
एक ओळ आली, मग तिच्या पाठोपाठ भराभर चार:
नवं उपकरण, क्रमांक दोन.
कुठल्या कंपनीचं, कुठलं मॉडेल,
सगळं विचारून झालं एका दमात.
पडद्यावर आधी करडं, मग हिरवट काहीतरी,
मग एक डोळा, पापणी नसलेला,
आमच्याकडे वळून निघून गेला.
त्याच्यामागे दाणे, न खाल्लेले,
हळूहळू तळाशी चाललेले.
जास्त टाकत होतो, होग्नी म्हणाला. तीन दिवस.

चारच्या बोटीला हात करताना
मी उरलेली केबल कचऱ्यात टाकायला उचलली.
राहू दे, म्हणाला.
अजून बरीच तार आहे तिच्यात.